शेणकाल्याचं विरजण

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, बाईने लपवलं म्हणून. दूधवाल्याने माप राखून घातलं असणार, असं मला रोज वाटतं. फोन दोनदा वाजून बंद पडला, तर कुणीतरी मुद्दाम केला असणार, असं वाटतं. आमचे हे म्हणायचे, "तू देवळात गेलीस तरी आधी चपलांकडे बघतेस." बघते. चपला चोरीला जातात म्हणूनच बघते ना. या स्वभावाने मला पुष्कळ वेळा वाचवलंय. पण याच स्वभावाने मी एका बाईचं जे वाटोळं केलं, ते सांगायचं राहिलंय, आणि आता वय असं झालंय की राहिलेलं राहूनच जाईल.

नाशिकहून पेठकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची रोपवाटिका होती. ह्यांची नोकरी ओझरला, विमानाच्या कारखान्यात. सकाळची बस, संध्याकाळची बस, त्यामुळे वाटिका आधी सासूबाईंची आणि नंतर माझी. आम्ही टोमॅटोची रोपं करायचो. ही नव्वदीची गोष्ट आहे. प्लास्टिकचे ट्रे वगैरे तेव्हा आमच्याकडे नव्हते. जमिनीवर गादीवाफे करायचे, त्यात बी टाकायचं, तीन-साडेतीन आठवड्यांनी वाफा भिजवून रोपं उपटायची, शंभराची जुडी केळीच्या सोपटाने बांधायची आणि द्यायची शेतकऱ्याला. दिंडोरीचे, गिरणाऱ्याचे, पार निफाडकडचेही लोक यायचे. "वहिनींचं रोप मरत नाही," असं बोललं जायचं, आणि ते ऐकून माझी मान जरा ताठ व्हायची. का नाही व्हायची?

रोप मरायचं नाही ते सासूबाईंच्या काल्यामुळे. शेणकाला सगळेच करतात. ताजं शेण, गूळ, पाणी, घोटून पातळ करायचं आणि रोपाची मुळं त्यात बुडवून मग जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळायची. उपटलेल्या रोपाला वाटेत ताण पडत नाही. पण सासूबाईंचा काला निराळा होता. त्या नवीन काल्यात आदल्या दिवशीच्या काल्याचा एक तांब्या ओतायच्या. विरजण. दह्याला लावतात तसं. वीसेक वर्षं त्यांनी ते विरजण मोडलं नव्हतं. उन्हाळ्यात वाफे रिकामे असले तरी एक मडकं भरून आंब्याखाली ओल्या फडक्यात ठेवायच्या. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला दागिन्यांचं काही सांगितलं नाही, पोरांचं सांगितलं नाही. म्हणाल्या, "विरजण मोडू नकोस." मी त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं. आमचं एकमेकींशी फारसं पटायचं नाही, म्हणून तर तो शब्द मी जास्तच जपला.

मी त्यात एक भर घातली. बाजाराला नेलेल्या जुड्या कधी उरायच्या. सासूबाई त्या फेकायच्या. मला फेकवेना. संध्याकाळी आलेल्या उरलेल्या जुड्या मी काल्याच्या ड्रममध्ये उभ्या करून ठेवायला लागले. निळा प्लास्टिकचा ड्रम, अर्धा कापलेला. सकाळी रोपं कशी टवटवीत. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर ती आली. डोंगरातल्या बाया भात आणि नागली, म्हणजे नाचणी, काढून झाली की खाली कामाला येतात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी उभ्या राहतात, द्राक्षवाले, टोमॅटोवाले त्यांना घेऊन जातात. मी पाच बाया आणल्या, त्यात ही. माझ्याच वयाची, काटक, कमी बोलणारी. पेठच्याही पुढच्या पाड्यावरची. आम्ही तिला पेठवाली म्हणायचो. बोलताना 'आहे'चं 'आहा' करायची, नि बाकीच्या हसायच्या. वाफ्याच्या कोपऱ्यावरच्या खोपीत दिवाळीपासून मृगापर्यंत राहायची.

तिचा हात मी बघतच राहायचे. रोप उपटताना मूळ तुटतंच, कुणाचंही तुटतं. तिचं सगळ्यात कमी तुटायचं. आधी दोन बोटांनी माती सैल करायची, मग रोप वर घ्यायची. माझ्यासारख्या चिकित्सक बाईलाही तिच्यात खोट सापडेना. खोट सापडली नाही की मला अस्वस्थ होतं, हेही खरं.

पहिल्याच हंगामात तिने मला एकदा विचारलं. मी ड्रममध्ये विरजणाचा तांब्या ओतत होते. ती जुडी हातात धरून उभी होती.

"वहिनी, एक बोलू का?"

"बोल."

"ह्यात तुटकी मुळं सडत पडली हायत. कालची, परवाची. विरजणच नासलं तर दही कसं लागंल?"

माझा पारा चढला. सासूबाईंचं विरजण, आणि ही बाई त्याला नासलेलं म्हणते. मी म्हटलं, "तू नागलीची भाकर खाणारी. तुला दह्यातलं काय कळतं?"

बाकीच्या चौघी हसल्या. ती हसली नाही, रागावलीही नाही. जुडी काल्यात बुडवली आणि कामाला लागली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. आमच्या जुड्या मी सांगेन तशा बुडवायची, एक शब्द न बोलता.

मृगाच्या आधी बाया आपापल्या पाड्यांवर परत निघायच्या तेव्हा आमच्याकडे रीत होती, प्रत्येकीला दोन जुड्या द्यायच्या. जिच्या तिच्या परसात लावायला. ती आपल्या दोन जुड्या सगळ्यात शेवटी घ्यायची, स्वतः उपटून, मुळाशी मातीचा गोळा तसाच ठेवून. पळसाच्या पानात गुंडाळायची. मी म्हटलं, "काल्यात बुडव की, वाळतील."

"नको वहिनी. एस्टीत वास येतो. कंडक्टर उतरवून देतो."

मी मान हलवली, पण मनात नोंद केली. बाकीच्या चौघींना कसा कंडक्टर उतरवत नाही? काहीतरी आहे खास.

मग ते वर्ष आलं. श्रावणात दिंडोरीकडचे एक पाहुणे, आमचे जुने गिऱ्हाईक, मोटारसायकलच्या मागे पाटी बांधून आले. पाटीत मुळासकट उपटलेली झाडं. पानांवर पोपटी आणि गडद हिरवे चट्टे, ठिगळ लावलेल्या गोधडीसारखे. शेंड्याची पानं बारीक, दोऱ्यासारखी. ओट्यावर बसून त्यांनी खिशातला चाकू काढला आणि एक टोमॅटो कापला. वरून लाल, चांगला. आतून तपकिरी.

"वहिनी," ते म्हणाले, "मार्केटात व्यापारी एक फळ कापतो आणि सगळ्या पाट्या बाजूला सरकवतो. मी रोप तुमच्याकडूनच नेलं होतं. दुसरीकडून एक काडी आणली नाही."

आवाज चढवला असता तर मी भांडले असते. ते हळू बोलले, म्हणून मला बोलताच आलं नाही. त्या महिन्यात असे आणखी तिघे आले.

तेव्हा आम्ही पान बिघडलं की सरसकट बोकड्या म्हणायचो. बोकड्या पांढऱ्या माशीने येतो, एवढं ठाऊक होतं. माशीवर फवारे मारले. वाफ्यांना जाळी लावली. माशी चिकटावी म्हणून पिवळे पत्रे तेल लावून टांगले. माशी गेली, चट्टे तसेच राहिले. वरून येणारं सगळं मी अडवलं होतं. खालूनही काही येत असेल, हे डोक्यात यायलाही जागा हवी ना. ती जागा संशयाने भरलेली होती.

पहिला संशय बियाण्याच्या दुकानदारावर. पाकिटं बदलली असणार. मी दुसऱ्या दुकानातून, दुसऱ्या गावातून बी आणलं. काही फरक नाही. दुसरा संशय शेजाऱ्यावर. त्याने नुकतीच स्वतःची रोपवाटिका टाकली होती, माझी बुडाली तर गिऱ्हाईक त्याचंच. आठ दिवस मी तुरीच्या आडून त्याच्या बांधावर लक्ष ठेवलं. तो रोज ठरल्या वेळी चोरासारखा बांधावर यायचा. नवव्या दिवशी कळलं की बायकोपासून लपून विडी ओढायला येतो. तिसरा संशय विहिरीवर. विहीर उपसली, दोन बादल्या आणि एक चप्पल सापडली. आमचे हे म्हणाले, "आता माझ्यावर घे संशय. मी तेवढा उरलोय." मी हसले नाही. मी खरंच क्षणभर विचार केला होता.

दुसऱ्या वर्षीही तेच झालं, जास्त झालं. लोक फोन करून विचारायला लागले, "वहिनी, यंदा रोप बरं आहे ना?" हा प्रश्न ज्याला विचारतात त्याचं नाव बाजारात संपत आलेलं असतं.

त्या दिवाळीनंतर बाया आल्या. पेठवालीने माझ्यासाठी नागलीचं पीठ आणलं होतं, आणि फडक्यात बांधून टोमॅटो. "परसातले हायत, वहिनी. तुमच्याच रोपांचे." किती अभिमानाने म्हणाली. शेवटच्या तोड्याचे असून टणक, लालबुंद. मी एक घेतला आणि ओट्यावरच्या विळीवर कापला.

आतून स्वच्छ. रसाळ, लाल, एक डाग नाही.

मी दुसरा कापला. तिसरा कापला. सगळेच्या सगळे कापले. ती बघत होती. भेट आणलेल्या वस्तूची अशी चिरफाड कुणी करत नाही, पण मला तेव्हा रीतभात सुचत नव्हती. माझ्या वाफ्यातलं, माझ्या हाताने पेरलेलं, तेच बी, तेच रोप. दिंडोरीत सडतं, निफाडात सडतं, आणि हिच्या परसात सोन्यासारखं येतं? माझं डोकं सरळ एकाच वाटेला लागलं. जिला झळ लागत नाही, तीच आग लावणारी.

"तुझं गाठोडं सोड," मी म्हटलं.

"का वहिनी?"

"सोड म्हणते ना."

चौघी बाया उभ्या होत्या. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग खाली बसून गाठ सोडली. दोन लुगडी, कोयता, फणी, पत्र्याची डबी. आणि एक कागदाची पुडी. मी पुडी उघडली. आत करडी भुकटी.

"हे काय?"

"राख. चुलीतली. रोपाला हात लावायच्या आधी हात घासते मी."

"आमच्या रोपांना?"

"सगळ्याच."

मी बी.ए. झालेली बाई. भूतखेत, करणी काही मानत नाही. पण मी विचारलं, "ड्रममध्ये काय टाकतेस तू?" आणि मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "करणी." तो शब्द माझा नव्हता. पण मी तो खोडून काढला नाही. तो माझ्या ओट्यावर पडला आणि मी तो तसाच राहू दिला.

पेठवालीचं तोंड एकदम उतरलं. डोंगरात त्या शब्दाने बाईचं काय होतं, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. ती म्हणाली, "मी काय नाय टाकलं वहिनी. माझी रोपं मी काल्यात नाय बुडवली, एवढंच केलं."

आता बघा, किती सरळ उत्तर होतं. तिने कारणच माझ्या हातात दिलं होतं. पण मला काय ऐकू आलं? हिला माहीत आहे की काल्यात काहीतरी आहे. आणि ज्याने टाकलं त्यालाच ते माहीत असणार. "चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं. "निघ इथून."

तिने एकेक वस्तू उचलून गाठोडं परत बांधलं. राखेची पुडी माझ्या हातात होती, ती तिने मागितली नाही. नागलीचं पीठ ओट्यावरच राहिलं. ती रस्त्याला लागली.

नंतर कळलं, ती आठ दिवस गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी उभी राहत होती. एकानेही तिला कामाला नेलं नाही. आमच्याकडच्या बायांनी एकमेकींना सांगितलं, त्यांनी मुकादमांना सांगितलं, बागवाल्यांनी मुकादमांकडून ऐकलं. तिच्या शेजारी उभं राहायलाही बाया तयार नव्हत्या. नवव्या दिवशी ती दिसली नाही. हे मला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं.

आणि चट्टे? ते तसेच आले. ती नव्हती तरी आले. मी म्हटलं, जाताना करून गेली. मी ड्रम घासूनपुसून धुतला, हळदीच्या पाण्याने धुतला, उन्हात पालथा घातला. फक्त त्याआधी जुन्या काल्याचा एक तांब्या बाजूला काढून ठेवला. विरजण मोडायचं नव्हतं ना. सासूबाईंना शब्द दिला होता.

दोन वर्षांत गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. शेजाऱ्याच्या दारात मोटारसायकली उभ्या दिसायच्या. हे म्हणाले, "बंद कर आता, माझ्या पगारात भागेल." भागलं असतं. पण सासूबाईंनी उभं केलेलं माझ्या हाताने बंद करायचं, हे माझ्याने होईना.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हा कृषी महाविद्यालयातल्या एक बाई आल्या. टोमॅटोच्या रोगांवर त्यांचा अभ्यास चालला होता. आखूड केस, पायात बूट, खांद्याला झोळी. आधी मला वाटलं, शेजाऱ्यानेच पाठवलं असणार. चहासुद्धा विचारला नाही मी. त्यांनी पानं बघितली, उलटी करून बघितली, आणि म्हणाल्या, "हा बोकड्या नाही. हा दुसरा विषाणू आहे. हा पसरायला माशी लागत नाही."

"मग येतो कुठून?"

"तेच शोधायचंय. रोप उपटल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात जाईपर्यंत तुम्ही काय काय करता, ते मला सगळं करून दाखवा."

मी दाखवलं. उपटलं, जुडी बांधली, काल्यात बुडवली. बाई ड्रमपाशी थांबल्या. आत हात घालून तळातला गाळ वर काढला. गाळात केसांसारखी मुळं होती.

"हा काला कधीचा?"

"आजचा," मी म्हटलं. मग अभिमानाने म्हटलं, "आणि तसा वीस-पंचवीस वर्षांचा. विरजण आहे."

त्यांनी गाळ परत ड्रममध्ये सोडला. मग म्हणाल्या, "आपण एक करून बघू. मी सांगून तुमचा विश्वास बसायचा नाही." माणसं बरोब्बर ओळखत होत्या.

त्यांनी नवीन माती आणली, बी आणलं. दहा कुंड्यांसाठी रोपं तयार केली. पाच रोपांची मुळं माझ्या काल्यात बुडवून लावली, पाच साध्या पाण्यात. ठेवायची कुठे? कोंबड्यांचं जुनं जाळीचं खुराडं होतं, ते धुऊन ओट्यावर उन्हात मांडलं, वर मच्छरदाणी शिवून बसवली. कुलूप मी लावलं. किल्ली मी कमरेला खोचली. पाणी मी घालायचे, वेगवेगळ्या तांब्यांनी, आधी चांगल्यांना. हे मीच मागून घेतलं. म्हटलं, कुणी मध्ये काही केलं तर कळायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात काल्यातल्या पाचांपैकी चारांच्या शेंड्यावर चट्टे उठले. पाण्यातली पाचही हिरवीगार.

मी खुराड्यासमोर बसून राहिले. आता कुणावर संशय घ्यायचा? किल्ली माझ्या कमरेला होती.

बाई आल्या, ओट्यावर माझ्याशेजारी बसल्या आणि शांतपणे सांगायला लागल्या. रोप उपटताना मुळांची बारीक टोकं तुटतात, आपल्याला दिसतही नाहीत. आजारी रोपाच्या तुटक्या मुळातून विषाणू पाण्यात उतरतो, आणि पुढच्या रोपाच्या तुटक्या मुळातून आत शिरतो. रोप तेव्हा दिसायला ठणठणीत असतं. शेतात गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पान बोलतं. वाफ्यात राहिलेल्या जुन्या मुळांमध्येही तो टिकून राहतो, नवीन मूळ तिथून गेलं की त्याला लागतो. हाताला लागला तर हातानेही जातो.

"आणि हा आला कुठून पहिल्यांदा?"

"कधीतरी एखाद्या बियाण्यातून, एखाद्या रोपातून. ते आता नाही सांगता यायचं. पण एक आजारी जुडी तुमच्या ड्रममध्ये उभी राहिली असेल, तर पुढचं काम विरजणाने केलं."

पहिलं रोप कुणाचं, ते कधीच कळलं नाही. पुढची सगळी माझी. बाजारातून परत आलेल्या, दहा हातांतून फिरलेल्या जुड्या ड्रममध्ये उभ्या करायची अक्कलही माझीच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते हे.

मी त्यांना विचारलं, "राखेने हात घासले तर?"

"पाण्याने खळखळून धुतले आणि राखेने घासले तर काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं. साबण असेल तर उत्तम. दुधात हात बुडवून काम केलं तरी उपयोग होतो, आम्ही तसंही करतो. का?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि आत जाऊन रडले. त्यांना वाटलं, रोपांसाठी रडतेय.

मडक्यातलं विरजण मी वाफ्यांपासून लांब खड्डा खणून ओतलं, वर चुना टाकला. सासूबाईंची मनातल्या मनात माफी मागितली. त्यांचा काला त्यांच्या काळात चांगलाच असेल, नाहीतर एवढी वर्षं रोपं जगली नसती. तो आजारी पडला माझ्या हातात. वाफ्यांची जागा सोडली. पुढच्या हंगामात ट्रे आले, नारळाचा भुसा आला. रोप उपटायचं नाही, भुशाच्या गोळ्यासकट उचलून लावायचं. म्हणजे पेठवाली पळसाच्या पानात करायची तेच. दोन वर्षांत गिऱ्हाईक परत आलं. दिंडोरीचे पाहुणेही आले. शेतकरी मोठ्या मनाचा असतो असं काही म्हणणार नाही मी. रोप चांगलं होतं म्हणून आले.

पेठवालीकडे जायला मात्र मी वर्ष लावलं. आज कामं आहेत, उद्या पाहुणे आहेत. शेवटी मृगाच्या तोंडावर एके दिवशी दोन ट्रे घेतले आणि पेठची एस्टी पकडली. पुढे जीप, पुढे चालत. पाड्यावर विचारत विचारत गेले. ती घरीच होती. केस पांढरे झाले होते. मला बघून दचकली, मग पाण्याचा तांब्या आणला. कोरा चहा केला. नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे ठेवला. मी खाल्लं.

तिनेच सांगितलं, न विचारता. नाशिककडे काम मिळेना, म्हणून ती गुजरातकडे जायला लागली. दिवाळीला निघायची ते होळीच्या पुढे यायची. लांबचं काम, तिथली बोली वेगळी. इकडे असती तर महिन्यातून एकदा घरी आली असती. सासरा गेला तेव्हा दहाव्यालाही पोचली नाही. हे सगळं तिने भाकरी थापता थापता सांगितलं, कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं.

मी सगळं बोलले. खुराडं, कुंड्या, किल्ली, मुळं. "तू बरोबर होतीस. मी चुकले," म्हटलं. हे शब्द मी नवऱ्यालाही कधी म्हटले नव्हते.

तिने तव्यावरची भाकर उतरवली. मग उठली, मला परसात घेऊन निघाली. काठ्यांचं कुंपण, आत नांगरून ठेवलेला लहानसा तुकडा. मी दोन्ही ट्रे उचलून आत पाऊल टाकणार, तर ती आडवी झाली.

"रोपं बाहेरच ठेवा, वहिनी."

"अगं, ही नवीन आहेत. ट्रेमधली. यात काही नाही."

"नसंल. पण माझ्याकडं एवढाच तुकडा आहा." तिने कोपऱ्यातल्या डब्यातून मूठभर राख घेतली आणि माझ्या हातांवर ठेवली. "आधी हात घासा."

मी घासले. तिने वरून पाणी घातलं. माझा संताप व्हायला हवा होता, एरवी झालाही असता. पण ती माझ्यासारखी संशय घेत नव्हती. ती नुसती काळजी घेत होती. तो फरक मला त्या कुंपणाबाहेर उभं राहून कळला, आणि मी खाली मान घातली.

निघताना मी म्हटलं, "परत ये कामाला. दिवाळीनंतर. मी स्वतः न्यायला येते."

"मी नाय यायची आता. पण तुम्ही चुकलं म्हणता, ते इथं मला एकटीला सांगून काय व्हतं? माझं गाठोडं चार बायांसमोर सोडलं होतं. नाक्यावर मी आठ दिवस उभी होते. तिथं सांगा."

ट्रे तिने घेतले नाहीत. मी ते मांडीवर घेऊन परत आले.

त्या दिवाळीनंतर मी गिरणाऱ्याच्या नाक्यावर गेले. सकाळची गर्दी होती, बाया घोळक्याने उभ्या होत्या, जीपा येत-जात होत्या. मी आमच्या जुन्या चौघींना शोधलं. एकही दिसली नाही. सगळ्या नवीन, कोवळ्या पोरी. तरी मी उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं. पेठकडच्या बाईचं पूर्ण नाव घेऊन सांगितलं की तिने काही केलं नव्हतं, रोप माझ्या ड्रममुळे बिघडलं, मी खोटा आळ घेतला.

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यात एक जरा मोठी होती, ती पुढे आली.

"कोण व्हती ती?" तिने विचारलं. मी काही बोलायच्या आधीच तिने कमरेला पदर खोचला. "बरं वहिनी, किती बाया पाहिजेत ते बोला. जीप निघंल."